पळणे आणि धावणे

(बडोदे येथील मराठी वाचकांच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



धावणाऱ्या माणसाच्या आयुष्याविषयी मी काही बोलावे अशी सूचना आपण केलीत, तेव्हा मला थोडा संकोच वाटला. मी खेळाडू नाही. माझे शिक्षण मराठी साहित्याचे, व्यवसाय अनुवादाचा. दिवसाचे आठ-नऊ तास टेबलापाशी बसण्यात जातात. मात्र दोन कारणांनी हा विषय माझ्या जवळचा झाला आहे. गेली बारा वर्षे मी नियमाने धावते, हे पहिले कारण. आजवर मी एकही शर्यत जिंकलेली नाही, आणि या वयात जिंकण्याचा संभवही नाही. पण पहाटेचा तासभर रस्त्यावर काढल्याखेरीज माझा दिवस सुरू झाला असे मला वाटत नाही. दुसरे कारण असे की, धावकांची चरित्रे व आत्मकथने मराठीत आणण्याचे काम अधूनमधून माझ्याकडे येते. या दोन्ही कामांत मला एकच प्रश्न पडत आला आहे. धावकाचे आयुष्य नेमके कोठे असते? घड्याळाने मोजलेल्या त्या थोड्या सेकंदांत, की घड्याळ हाती घेण्यापूर्वीच्या आणि ते खिशात ठेवल्यानंतरच्या काळात?

चरित्राचा अनुवाद करताना या प्रश्नाची जाणीव फार लवकर होते. चारशे मीटरची शर्यत पाऊण मिनिटात संपते, पण तिला चरित्रात सबंध प्रकरण मिळते. त्याआधीची आठ-दहा वर्षे दीड-दोन परिच्छेदांत आटोपलेली असतात. यात लेखकाला दोष देता येणार नाही. रोज तेच मैदान, तेच वळण, तीच पहाट आणि तेच दुखणारे गुडघे; यातून वाचकाला तो काय सांगणार? तरीही, माझ्या मते, धावकाचे आयुष्य त्या दोन परिच्छेदांतच दडलेले असते. आजच्या भाषणात ते थोडे उलगडून पाहण्याचा माझा प्रयत्न आहे.

अनुवादकाला शब्दांपासून आरंभ करण्याची सवय असते, म्हणून मीही तेथूनच आरंभ करते. मराठीत या क्रियेसाठी दोन शब्द आहेत: पळणे आणि धावणे. खेडोपाडी ‘पोरगा चांगला पळतो’ असे म्हणतात, तेव्हा दोहोंत काही भेद नसतो. पण या दोन शब्दांचा गोतावळा पाहिला की भेद लक्षात येतो. पळणे या शब्दाच्या कुळात पळपुटा आहे, पळवाट आहे, पळ काढणे आहे. धावणे या शब्दाच्या कुळात धावून येणे आहे, हाकेला धावणे आहे, देवाचा धावा करणे आहे. पळणाऱ्याचे चित्त मागे असते आणि धावणाऱ्याचे पुढे. पाय दोघांचे सारखेच पडत असतील. दिशेचा अर्थ मात्र निराळा असतो. येथे गुजरातीतही ‘दोडवुं’ आणि ‘भागवुं’ असे दोन शब्द आहेत, आणि हिंदीतील ‘दौडना’ व ‘भागना’ यांतही थोडाफार हाच भेद आहे. मी धावावयास लागले त्या पहिल्या वर्षी ओळखीची माणसे हसून विचारीत, ‘काय हो, कोणी पाठीस लागले आहे का?’ प्रश्न थट्टेचा होता, पण निरर्थक नव्हता. भर रस्त्यातून प्रौढ बाई कारणावाचून धावत जाताना दिसली, तर पाहणाऱ्याच्या मनात प्रथम भीतीचीच कल्पना येते.

शर्यत हा शब्दही मनन करण्याजोगा आहे. मुळात तो अरबी ‘शर्त’ या शब्दाच्या कुळातील; म्हणजे अट किंवा पैज. शर्यतीला अट असते, आरंभ असतो, शेवट असतो आणि निकाल असतो. आयुष्याला यांतील शेवटची गोष्ट नसते, निदान एवढ्या स्पष्टपणे नसते. धावक शर्यतीत असतो त्यापेक्षा कितीतरी अधिक काळ शर्यतीबाहेर असतो, ही गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो.

पळण्याचे धावण्यात रूपांतर कसे होते, याचे भारतातील सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे मिल्खासिंग. आज पाकिस्तानात असलेल्या गोविंदपुरा या गावी त्यांचा जन्म झाला. १९४७ च्या फाळणीत डोळ्यांदेखत आईवडील आणि भावंडे मारली गेली. मरता मरता वडिलांनी त्यांना पळून जाण्यास सांगितले, असे ते पुढे आयुष्यभर सांगत असत. तो मुलगा पळाला, आणि त्या पळण्यात जीव वाचविण्यापलीकडे दुसरा कोणताही अर्थ नव्हता. दिल्लीत निर्वासितांच्या छावणीत दिवस गेले. विनातिकीट प्रवास केला म्हणून तुरुंगही पाहावा लागला. सैन्यात घ्यावे म्हणून तीन वेळा केलेला प्रयत्न फसला आणि चौथ्या प्रयत्नात, १९५१ साली, प्रवेश मिळाला. धावणे हा खेळ असू शकतो, त्यात कौशल्य असते आणि त्याला मान असतो, हे त्यांना सिकंदराबादच्या लष्करी केंद्रात प्रथम कळले. तेथे धावणाऱ्या जवानाला जादा दूध मिळत असे, आणि आरंभी त्यांना त्या दुधाचेच आकर्षण अधिक होते.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. १९५८ मध्ये कार्डिफ येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत त्यांनी ४४० यार्डांचे सुवर्णपदक मिळविले. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये चारशे मीटरच्या अंतिम शर्यतीत ते चौथे आले. त्या वेळच्या हाती घड्याळाप्रमाणे त्यांना ४५.६ सेकंद लागले आणि तिसऱ्या धावकाला ४५.५. त्यांचा राष्ट्रीय विक्रम १९९८ पर्यंत, म्हणजे ३८ वर्षे, टिकला. परंतु माझ्या दृष्टीने त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी शर्यत रोमची नव्हे. त्याच १९६० साली भारत-पाकिस्तान यांच्यातील स्पर्धेसाठी त्यांना लाहोरला जाण्याचे निमंत्रण आले. जावयास मन तयार नव्हते; पंडित नेहरूंनी समजूत घातल्यावर ते गेले, अब्दुल खालिक या पाकिस्तानच्या श्रेष्ठ धावकाबरोबर धावले आणि जिंकले. पाकिस्तानचे अध्यक्ष अयूबखान यांनी त्या प्रसंगी त्यांचा जो गौरव केला, त्यातून ‘फ्लाइंग सिख’ हे नाव रूढ झाले. ज्या भूमीतून एक मुलगा जीव घेऊन पळाला होता, त्याच भूमीवर तेरा वर्षांनी तो हजारो लोकांसमक्ष धावला. पळणे कोठे संपले आणि धावणे कोठे सुरू झाले, हे कोणत्याही घड्याळाला सांगता येणार नाही. ते लाहोरच्या मैदानावर एका क्षणात घडले असेही नाही. मधली वर्षे त्याच कामी गेली होती.

आता या मधल्या वर्षांकडे वळू. लांब अंतराचा कसलेला धावक आठवड्यास सुमारे १५० किलोमीटर धावतो. हिशेब केला तर वर्षाला ७,८०० किलोमीटर होतात. म्हणजे काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत जाऊन परत यावे, आणि तरीही अंतर शिल्लक राहावे. एवढ्या अंतरात शर्यतींचा वाटा किती? वर्षभरातील सर्व शर्यती एकत्र केल्या तरी तो शेकड्यास दोन-तीनपेक्षा क्वचितच अधिक भरेल. उरलेले अंतर टाळ्यांवाचून, पुष्कळदा अंधारात कापले जाते.

या पुनरावृत्तीचे शरीराला काय मिळते, हे शास्त्रज्ञांनी सविस्तर सांगितले आहे. महिनोन् महिने धावल्याने हृदयाचा डावा कप्पा अधिक रक्त सामावून घेऊ लागतो आणि एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलतो. त्यामुळे विश्रांतीच्या वेळी सामान्य माणसाचे हृदय मिनिटाला सत्तरेक वेळा पडते, तेथे कसलेल्या धावकाचे चाळीस-पन्नास वेळा पडले तरी पुरते. स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे दाट होते. प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायाला सोसावा लागतो. तो सोसून सोसून हाडे व स्नायुबंध हळूहळू बळकट होतात. विशेष म्हणजे ही घडण धावताना होत नाही, धावून झाल्यावरच्या विश्रांतीत होते. जो विश्रांती घेत नाही तो मजबूत होण्याऐवजी मोडतो. अतिश्रमाने पोटरीच्या हाडाला बारीक चीर पडलेले कितीतरी तरुण धावक या एका नियमाकडे दुर्लक्ष झाल्याने मैदानाबाहेर गेले आहेत. लहान वयात मुलांना रोज थकेपर्यंत पळविणाऱ्या पालकांनी व शिक्षकांनी हे लक्षात ठेवणे अगत्याचे आहे.

मनाला काय मिळते, हे सांगणे अधिक अवघड. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक हा झ्लिन येथील बाटा कंपनीच्या बुटांच्या कारखान्यात उमेदवारी करणारा मुलगा. १९४१ साली कारखान्याने भरविलेल्या शर्यतीत त्याला जवळजवळ जबरदस्तीनेच उतरविण्यात आले. पुढे त्याने स्वतःची अशी एक पद्धत बसविली. चारशे मीटर वेगाने धावावयाचे, थोडे हळू धावून दम घ्यावयाचा आणि पुन्हा वेगाने चारशे मीटर. असे दिवसात कितीतरी वेळा. सैन्यात असताना तो जड लष्करी बूट घालूनही सराव करी. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे त्याने पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन या तिन्ही शर्यती जिंकल्या, आणि त्यांतील मॅरेथॉन तर तो आयुष्यात प्रथमच धावत होता. पण झाटोपेकचे मोठेपण मला दिसते ते पुढच्या काळात. १९६८ मध्ये आपल्या देशातील स्वातंत्र्याच्या चळवळीला त्याने उघड पाठिंबा दिला. परिणामी सैन्यातील हुद्दा गेला, पक्षातून हकालपट्टी झाली आणि या जगज्जेत्याला कित्येक वर्षे खाणकामाच्या ठिकाणी अंगमेहनतीची कामे करावी लागली. ती वर्षे त्याने कशाच्या बळावर काढली असतील? त्या काळात त्याची पदके कोणाला आठवत होती, कोणास ठाऊक. पण शंभर वेळा चारशे मीटर धावलेल्या माणसाला एक गोष्ट नक्कीच ठाऊक असते: सबंध अंतराकडे पाहावयाचे नाही, हातातले वळण तेवढे पुरे करावयाचे.

रोज धावणाऱ्या अगदी सामान्य माणसालाही हे थोडेफार कळते. पहिला किलोमीटर नेहमी जड जातो; शरीर नाना सबबी सांगते. श्वास आणि पावले यांचा मेळ बसला की त्या सबबी आपोआप गळतात. डोक्यात अडकलेले एखादे वाक्य कधी कधी तेव्हाच सुटते. अर्थात रोज असे होतेच असे नाही. कित्येक दिवस नुसता घाम येतो, दुसरे काही होत नाही. त्याही दिवशी घराबाहेर पडणे, यालाच मी धावकाचे आयुष्य म्हणते.

पराभवाचा विचार केल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. केरळातील पय्योळीच्या पी. टी. उषा यांचे नाव घेतले की आपल्याला ८ ऑगस्ट १९८४ हा दिवस आठवतो. लॉस एंजेलिस येथे स्त्रियांची चारशे मीटर अडथळ्यांची शर्यत ऑलिंपिकमध्ये प्रथमच होत होती. रुमानियाच्या क्रिस्टिआना कोजोकारू यांना ५५.४१ सेकंद लागले आणि उषा यांना ५५.४२. सेकंदाच्या शंभराव्या भागाने कांस्यपदक गेले. त्या शर्यतीतील सरासरी वेग काढला तर या काळात साधारण सात सेंटीमीटर अंतर होते. आपल्या बोलीत चार बोटे. चारशे मीटर धावून, दहा अडथळे ओलांडून, चार बोटांनी राहिलेल्या या मुलीचे वय तेव्हा अवघे वीस होते.

आपल्याकडे या चार बोटांची हळहळ चाळीस वर्षे चालली आहे. हळहळ स्वाभाविक आहे, पण तिच्यामुळे पुढचे दिसेनासे झाले. १९८५ मध्ये जकार्ता येथील आशियाई स्पर्धांत उषा यांनी पाच सुवर्णपदके आणि एक कांस्यपदक मिळविले. १९८६ च्या सोल एशियाडमध्ये चार सुवर्ण व एक रौप्य. लॉस एंजेलिसची त्यांची वेळ एवढी काळाच्या पुढची होती की, ३९ वर्षांनी, २०२३ मध्ये, तमिळनाडूच्या विद्या रामराज यांनी तिची बरोबरी केली तेव्हा तीही बातमीच ठरली. मला याहून महत्त्वाचे वाटते ते हे की, २००२ साली उषा यांनी केरळात मुलींसाठी धावण्याची शाळा काढली. ज्या कौशल्याने स्वतःला पदक मिळाले नाही ते निरुपयोगी आहे असे त्यांनी मानले नाही. ते दुसऱ्यांच्या पायांत उतरविले. टिंटू लुका ही त्या शाळेची विद्यार्थिनी २०१५ मध्ये आठशे मीटरची आशियाई विजेती झाली. खुद्द उषा यांना घडविणारे ओ. एम. नंबियार हे असेच गुरू होते. १९७६ मध्ये केरळ शासनाने मुलींसाठी कण्णूर येथे क्रीडाविभाग सुरू केला, तेथे त्यांनी ही कृश मुलगी हेरली. म्हणजे त्या चार बोटांच्या अलीकडे एक गुरू होता आणि पलीकडे एक शाळा उभी राहिली. निकालपत्रकात यांतले काहीच नसते.

येथवर मी विजय-पराभवाच्या गोष्टी सांगितल्या. पण आपल्या देशात धावणे हा बहुसंख्य लोकांच्या दृष्टीने कधी छंद नव्हता. तो पोटाचा उद्योग होता. आगगाडी येण्यापूर्वी टपाल नेले ते हरकाऱ्यांनी. खांद्यावर पिशवी आणि हाती घुंगरू बांधलेली काठी किंवा भाला घेऊन हे लोक टप्प्याटप्प्याने रानावनांतून धावत. मराठेशाहीची पत्रे नेणाऱ्या जासूदजोड्यांचा उल्लेख त्या काळच्या कागदपत्रांत पदोपदी येतो. पत्र कोणी लिहिले, कोणाला लिहिले, यावर आपल्या इतिहासकारांनी ग्रंथ लिहिले. ते घेऊन धावणाऱ्याचे नाव मात्र बहुधा कोणी नोंदविले नाही. हे पाय नसते तर ते कागद आपल्यापर्यंत आले नसते.

आधुनिक खेळातही ही परंपरा चालूच आहे. १९२० मध्ये अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा पहिला संघ गेला तो पुण्यातून निघालेल्या कल्पनेतून. डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारी खेड्यांतील मुले पाहून दोराबजी टाटांनी पुढाकार घेतला. सहा जणांच्या त्या संघात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. त्या वर्षीची मॅरेथॉन नेहमीच्या अंतराहून लांब, पावणेत्रेचाळीस किलोमीटरची होती. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पोहोचले आणि एकोणिसावे आले. त्यानंतर अर्ध्या शतकाने बिहारमधील बक्सरच्या बाजूचे एक जवान, शिवनाथसिंग, अनेकदा अनवाणीच धावत. १९७४ च्या तेहरान एशियाडमध्ये पाच हजार मीटरचे सुवर्णपदक, १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनमध्ये अकरावा क्रमांक आणि १९७८ मध्ये जालंधर येथे २ तास १२ मिनिटांत पुरी केलेली मॅरेथॉन, ही त्यांची कामगिरी. जालंधरचा तो राष्ट्रीय विक्रम चार दशकांहून अधिक काळ अबाधित राहिला. ते २००३ मध्ये निवर्तले तेव्हा देशातील किती लोकांना त्यांचे नाव ठाऊक होते? आणि आपल्या बीड जिल्ह्यातील, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे घ्या. सैन्यात भरती झाल्यावर सियाचीनच्या बर्फात काम केलेला हा जवान २०२२ मध्ये बर्मिंगहॅम येथे तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये केनियाच्या धावकाच्या अवघ्या ०.०५ सेकंद मागे राहून रौप्यपदक घेऊन आला.

मिल्खासिंग, शिवनाथसिंग आणि साबळे या तिघांनाही सैन्याने प्रथम जेवण, नोकरी आणि मैदान दिले. धावणे त्यानंतर आले, हे विसरता कामा नये. आजही महाराष्ट्रात पहाटे एखाद्या तालुक्याच्या रस्त्याने जा. मुलामुलींचे थवे धावताना दिसतील. ती ऑलिंपिकसाठी धावत नाहीत. पोलीस भरती आणि सैन्य भरती यांच्या मैदानी चाचणीसाठी धावतात. सोळाशे मीटर किती मिनिटांत पुरे होतात, यावर त्यांच्या घरची चूल अवलंबून असते. मी आरंभी जो भेद सांगितला तो येथे फार गुंतागुंतीचा होतो. ही मुले दारिद्र्यापासून पळत आहेत, की नोकरीकडे धावत आहेत? दोन्ही खरे आहे. जागा थोड्या, धावणारे अगणित. म्हणून दरवर्षी बहुतेकांच्या वाट्याला नकारच येतो. आणि मग गावात म्हटले जाते, ‘एवढी वर्षे पळाला, हाती काय लागले?’

हा प्रश्न मला क्रूर वाटतो, आणि त्याला भावनेच्या भरात उत्तर देणेही मला मान्य नाही. धावण्याने निर्भयता येते, शिस्त येते, असे सांगून बेकार मुलाचे समाधान करू पाहणे म्हणजे त्याची फसवणूक होय. त्याला नोकरी हवी आहे, आणि ती मिळण्याचे मार्ग वाढविणे हे समाजाचे व शासनाचे काम आहे. पण त्याबरोबरच, जे त्याने खरोखर कमावले आहे ते आपण नाकारू नये, एवढे तरी करता येईल. चार वर्षे पहाटे साडेचारला उठून, स्वतःच्या शरीराची कुवत ओळखून ती थोडी थोडी वाढविलेला तरुण रिकाम्या हाताचा नसतो. त्या कमाईला वाव देणारी माणसे आणि कामे आपल्या गावात हवीत. शाळेत व्यायामाचे शिक्षक हवेत, मैदाने हवीत आणि त्या मैदानांवर लहान मुलांना शास्त्रशुद्ध धावावयास शिकविणारे कोणी हवे. उषा यांनी आपल्या चार बोटांचे जे केले, ते गावपातळीवर हजारो जणांना करता येण्याजोगे आहे.

मुलींच्या बाबतीत तर ही गोष्ट अधिकच निकडीची आहे. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धांत दहा हजार मीटरचे कांस्यपदक मिळविले. सातारा जिल्ह्यातील मोहीच्या ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचल्या आणि दहाव्या आल्या. यांपैकी एक आदिवासी पाड्यावरची, दुसरी दुष्काळी माण तालुक्यातील. यांना डोंगर आणि माळरान मोकळे मिळाले. शहरातील मुलीला मात्र पहाटेचा रस्ता मोकळा नसतो. तिला वेळ विचारली जाते, कपडे विचारले जातात, सोबत विचारली जाते. मी स्वतः धावते तेव्हा अंधाऱ्या गल्लीतून न जाता दिव्यांच्या रस्त्याने जाते, आणि काही वेळा धावण्याची गती पळण्याची होते, हे माझ्या ध्यानात येते. स्त्रीला आपल्या गावात केवळ धावता यावे, पळावे लागू नये, ही मागणी फार मोठी नाही. तरी ती अजून पुरी व्हावयाची आहे.

शेवटी एक प्रश्न उरतो. पायच राहिले नाहीत तर धावकाचे काय राहते? इथिओपियाच्या अबेबे बिकिला यांच्या आयुष्याने या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. १९६० मध्ये रोमच्या रस्त्यांवर ते अनवाणी धावले आणि मॅरेथॉन जिंकले. इटलीने इथिओपियातून १९३७ मध्ये उचलून नेलेला अक्सुमचा प्राचीन स्तंभ त्या शर्यतीच्या मार्गावरच उभा होता. १९६४ मध्ये, आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेला जेमतेम सहा आठवडे झाले असताना, टोकियोत त्यांनी मॅरेथॉन पुन्हा जिंकली. १९६९ मध्ये मोटार अपघात झाला आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. दुसऱ्याच वर्षी ते चाकाच्या खुर्चीत बसून इंग्लंडमध्ये अपंगांच्या स्पर्धांत धनुर्विद्येसाठी उतरले. १९७३ मध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. या माणसाची अखेरची चार वर्षे धावकाच्या चरित्राचा उपसंहार म्हणून वाचली जातात. मला ती त्याच चरित्राचा गाभा वाटतात. पाय गेल्यावरही त्यांची दिशा पुढेच राहिली होती.

या शहराला व्यायामाची परंपरा नवी नाही. माणिकरावांचा आखाडा येथलाच, आणि मुजुमदारांनी संपादिलेल्या व्यायामज्ञानकोशाचे दहा मराठी खंडही येथूनच निघाले. हाताशी फारशी साधने नसताना मागच्या पिढीने शरीर आणि ग्रंथ यांची सांगड घातली. आपण वाचक आहोत. आपल्याकडून एवढीच अपेक्षा की, धावकाचे चरित्र हाती आले की शर्यतीच्या प्रकरणाआधीचे ते दीड-दोन परिच्छेद सावकाश वाचावेत. आणि वाचून झाल्यावर पुस्तकाबाहेरचे एक काम करावे. आपल्या शाळा-महाविद्यालयांची कितीतरी मैदाने सकाळी कुलूपबंद असतात आणि मुले डांबरी रस्त्यावर, वाहनांच्या धुरात धावतात. आपल्यापैकी अनेक जण अशा संस्थांशी संबंधित आहेत. पहाटे पाचला ते कुलूप उघडेल आणि फाटकापाशी एक दिवा लागेल, एवढी व्यवस्था आपण केलीत, तर आज माझे बोलणे ऐकण्यात आपला वेळ वाया गेला नाही असे मी समजेन.